हमीदभाऊच्या बारा विटा

नवीन टेक्निशियन पोरगी आली आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, हे टेबल इतकं उंच काऊन आहे जी? माझा हातच पुरत नाई."

खरं होतं तिचं. आमच्या आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या टेबलाच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा होत्या. मायक्रोस्कोप इतका वर, की बसून पाहायचं नावच नको. शिपाई म्हणाला, "ते हमीदभाऊचं होतं मॅडम. त्यायले उभ्यानं कामाची सवय होती." पोरगी म्हणाली, "अजबच." मी बाजूलाच औषधाच्या खिडकीत गोळ्या मोजत होतो. मोजतच राहिलो. दुपारी शिपायानं विटा काढून नळाजवळ नेऊन टाकल्या. आता पेशंटसोबत आलेल्या बाया त्यांच्यावर बसून भांडी घासतात.

हमीदभाऊ गेले त्याला दीडेक वर्ष होत आलं. लोक विचारतात, तुमचा इतका दोस्त होता, तुम्हाला फार लागलं असेल. काय सांगावं? लागलं म्हणावं तर काही लागल्यासारखं वाटत नाही. दाढ काढल्यावर गालाचं जसं होतं तसं आहे. हात लावून पाहतो, आहे जागेवर, पण आपला वाटत नाही.

मी मूल गावचा. औषधनिर्माता म्हणून गडचिरोलीच्या या जंगलातल्या केंद्रात आलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि बदली घेऊ. हमीदभाऊ तिथं आधीपासून होते. चंद्रपूरचे. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. एक डोळा मिटून दुसऱ्यानं बारीक पाहायची विद्या तिथूनच आली असं ते सांगत. फरक एवढाच, की बाप काट्यांमागचा कचरा शोधायचा आणि मुलगा रक्तातला मलेरिया. आमच्याकडे हुडहुडी भरून ताप आला, की दुसरा विचारच कोणी करत नाही. थंडीताप म्हणजे स्लाइड, आणि स्लाइड म्हणजे हमीदभाऊ.

उंच, सडपातळ, पांढरी दाढी बारीक कापलेली. बोटं कायम जांभळी, स्लाइड रंगवायच्या रंगानं. साबणानं जायची नाहीत, लिंबानं जायची नाहीत. जेवताना पोळीवरही डाग पडेल की काय असं वाटायचं. गावातले पोट्टे त्यांना टोच्या म्हणत, बोट टोचतात म्हणून. ते दिसले की पोट्टे हात मागं लपवून पळत सुटायचे आणि हे पाठीमागून ओरडायचे, "पळा पळा, ताप येईन तेव्हा याच इथीच!"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिसल्याबिगर लिहाचं नाई." दिसला जंतू तर लिहीन, नाही दिसला तर देवाच्या बापाला लिहून देणार नाही. एकदा एक पुढारी आला. पोराला कुठल्याशा परीक्षेला जायचं नव्हतं, मलेरिया निघाला असा कागद पाहिजे होता. मोठ्या आवाजाचा माणूस, सोबत चार जण. दुसरा कोणी असता तर खरडून दिलं असतं आणि मोकळा झाला असता. हमीदभाऊंनी त्याच्या पोराचं बोट टोचलं, स्लाइड रंगवली, वाळवली, भिंगाखाली ठेवली आणि स्टूल पुढं सरकवून पुढाऱ्याला म्हणाले, "बसा जी. तुमीच पाहा. दिसला तर मले सांगा, मी लिहितो." तो माणूस खरंच बसला. पंधरा मिनिटं एक डोळा मिटून पाहत होता. मान अवघडली तसा उठला आणि म्हणाला, "काहीच दिसत नाई हो." हमीदभाऊ म्हणाले, "मलेही नाई दिसत." चहा पाजून परत पाठवला त्याला. आम्ही खिडकीआड हसून हसून मेलो.

आणि एक पद्धत होती त्यांची. ती मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. तपासणीला पाड्यावर गेलो, की लोक आधी घरात शिरायचे. रक्त काढून नेतात ही भीती असतेच. मग हमीदभाऊ मांडवाखाली पोतं अंथरून बसायचे आणि सर्वांसमोर आधी आपलंच बोट टोचायचे. "आधी माहं, मंग तुमचं." एक थेंब स्लाइडवर घेऊन दाखवायचे, "पाहा बाप्पा, इतकुसंच." एकदा एका म्हातारीनं त्यांचा हात ओढून बोटाला हळद लावली आणि मग स्वतःचं बोट पुढं केलं. त्या दिवशी अख्ख्या पाड्यानं रक्त दिलं. ती स्वतःची स्लाइडही ते फेकत नसत. नंबर टाकून, रंगवून, इतरांसारखीच पाहत. एका लाकडी डब्यात ओळीनं लावून ठेवलेल्या असायच्या. मी म्हणायचो, "काय जी, स्वतःचं म्युझियम उघडता काय?" ते म्हणायचे, "आपलं आपल्याले मालूम पाह्यजे, बोरकरभाऊ."

आपलं आपल्याला माहीत पाहिजे. हे त्या माणसाचं म्हणणं.

तिसरी सवय सांगतो, ती तेव्हा मला फार कौतुकाची वाटायची. स्लाइडचा एक घाणा हातात घेतला की तो संपल्याशिवाय ते स्टुलावरून उठत नसत. तीस असो, पन्नास असो. संडास पटांगणाच्या पार त्या टोकाला. उठलं की मोजणी चुकते, म्हणून लागली तरी दाबून बसायचे. पाड्यावर जायचं असलं तर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. मोटरसायकलवर दोन-अडीच तास गोट्यांचा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहणं त्यांना जमायचं नाही. लाजाळू माणूस. मी झाडामागं जाऊन यायचो तर हे गाडीवर बसून दुसरीकडे पाहत. "चला लवकर," म्हणायचे, "मले नाई लागली." लागलेली असायची हो. पाय हलवत बसायचे.

तर एका हिवाळ्यात ते खिडकीत आले. दुपारची वेळ, पेशंट सरलेले. म्हणाले, "बोरकरभाऊ, लघवी जळते त्याची काही गोळी आहे का? एक पेशंट आहे गावातला."

"बाई का माणूस?"

"माणूस."

"वय?"

"आपल्यासारखंच समजा. पन्नाशीचं."

आता मी आहे तोंडाचा फाटका. सगळ्या केंद्राला माहीत आहे. खिडकीत बसून बसून माणसाला दुसरं काय सुचतं? मी म्हणालो, "बाप्पा! पन्नाशीत जळजळ? कुठी कुठी फिरून आला म्हनाव तुमचा पेशंट?"

हमीदभाऊ हसले. "तसा नाई तो."

"सगळे असंच म्हनतात जी. घरी बायकोले सांगतलं का म्हनाव त्यानं?" आणि मी आतल्या सिस्टरला ऐकू जाईल असा हसलो. तीही हसली. पाच दिवसांच्या गोळ्या काढून दिल्या. पेशंटला पाठवा, डॉक्टर मॅडमना दाखवू द्या, चिठ्ठी आणू द्या, हे मी म्हणायला पाहिजे होतं. ते माझं काम होतं. मी म्हणालो नाही. त्यांनी गोळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि गेले.

महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा आले. "त्याच पेशंटले." पुन्हा पाच दिवस. तेव्हाही मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही. हसण्यासारखंच असणार.

उन्हाळा लागायच्या सुमारास टेबलाखाली विटा आल्या. शिपायाकडून आणवून स्वतः लावल्या त्यांनी. मी म्हणालो, "हे काय नवीन?" म्हणाले, "उभ्यानं नजर चांगली लागते." स्टूल भिंतीशी सरकवून त्यावर रजिस्टर ठेवलं. मीटिंगला सगळे खुर्च्यांवर, हे मागं भिंतीला टेकून उभे. आम्ही चिडवायचो, हमीदभाऊंना बढती मिळाली, आता ते पहारेकरी झाले. मोटरसायकलवर बसायचं टाळायला लागले. गेलेच तर सीटवर घडी करून चादर ठेवत. आणि उठायला लागले. जो माणूस पन्नास स्लाइडी एका बैठकीत संपवायचा, तो दहा झाल्या की पटांगण पार करायचा. एका तासात चार-चार वेळा. जाताना घाईनं, येताना हळू.

शुक्रवारचंही तेच. दर शुक्रवारी दुपारी ते तालुक्याच्या मशिदीत जायचे. अकरा वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं. ते बंद झालं. मला वाटलं, तिथं कोणाशी काही बिनसलं असेल. एक दिवस शमीमभाभी, त्यांची बायको, डबा द्यायला आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, इनको समझाओ ना. घर में भी नमाज नहीं पढते. पूछी तो बोलते, मेरे कपडे पाक नहीं रहते. दिन में तीन-तीन बार पैजामा धोते खुद." मी म्हणालो, "उन्हाळा आहे भाभी, घाम येतो." हे मी म्हणालो. घाम येतो.

थेंब गळत होते त्यांचे. लघवी करून आले तरी गळत होते. वुजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुऊन करायची शुद्धी, टिकत नव्हती, म्हणून त्या माणसानं देवासमोर उभं राहणं सोडलं. नंतर त्यांच्या मौलानासाहेबांनीच मला सांगितलं, अशा आजारी माणसाला सवलत असते, प्रत्येक नमाजेला नवी वुजू करायची आणि पढायचं, अल्ला कबूल करतो. फक्त एकदा विचारायला पाहिजे होतं. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागतं.

मग ताप. हुडहुडी भरून, दात वाजतील असा. दोन दिवस राहायचा, उतरायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि इथं त्यांनी ते केलं, जे फक्त आमच्याकडचा माणूस करेल. बोट टोचलं. स्लाइड रंगवली. उभ्यानं पाहिली. काही नाही. पुन्हा टोचलं. काही नाही. मी विचारलं, "काय निघालं?"

"निगेटिव्ह. पन कमी असतीन. लपले असतीन."

मी पाहतच राहिलो. दिसल्याशिवाय लिहायचं नाही म्हणणारा माणूस. त्यांनी मलेरियाच्या गोळ्यांचा पूर्ण डोस घेतला. पुढच्या तापात पुन्हा घेतला. गोळ्या मीच दिल्या.

त्यांच्या हाताखाली मायक्रोस्कोप होता. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची लघवी तेच तपासत होते. स्वतःच्या लघवीचा एक थेंब त्या काचेवर ठेवला असता, तर पू दिसला असता. शिकाऊ माणसालाही दिसला असता. रक्ताच्या स्लाइडींनी डबा भरला, पण तो एक थेंब त्यांनी ठेवला नाही. बहुतेक त्यांना ठाऊक होतं तिथं काय दिसेल. दिसलं असतं तर लिहावं लागलं असतं, आणि रजिस्टर सगळ्यांच्या हातातून फिरतं. सिस्टर पाहते, आशाताई पाहतात, मी पाहतो. मीच आधी पाहिलं असतं.

आमच्या डॉक्टर मॅडम नागपूरच्या, नुकत्याच शिकून आलेल्या. दोन वेळा त्यांनी मला सांगितलं, "सर, काका बरे दिसत नाहीत. माझ्याकडे पाठवा ना एकदा." मी निरोप दिला. हमीदभाऊ म्हणाले, "मॅडम माह्या पोरीएवढ्या आहेत, भाऊ. थंडीताप त काय दाखवाचा त्यायले?" मी म्हणालो, "बरं." एवढंच.

आता जे सांगायचं ते सांगतो. मला माहीत होतं. कधीपासून तेही माहीत आहे. भर उन्हाळ्यात तिसऱ्यांदा ते "त्याच पेशंटसाठी" आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संडासाबाहेर थांबलो होतो. आत हमीदभाऊ. खूप वेळ आवाजच नाही. मग दोन-चार थेंबांचा, मग पुन्हा काही नाही, आणि मग माणूस दात दाबून "या अल्ला" म्हणतो तसं काहीसं. बाहेर आले तेव्हा कपाळ ओलं, पैजाम्याचा एक पाय धुतलेला. मला पाहून म्हणाले, "पानी कमी येऊन राह्यलं नळाले." मी म्हणालो, "हाव, सांगतो शिपायाले." आणि आत गेलो. मी औषधनिर्माता आहे. बाई नाही, लहान नाही, परका नाही. तिथंच, दारात, "तो पेशंट तुमीच ना?" इतकं विचारायला किती वेळ लागतो? पण विचारलं तर माझे सगळे विनोद माझ्या समोर येऊन उभे राहणार होते. म्हणून नळाचं बोललो.

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी त्यांना पुन्हा ताप भरला. या वेळी उतरलाच नाही. सकाळी शमीमभाभी आणि शेजाऱ्यांनी खाटेवर घालून आणलं. आदल्या संध्याकाळपासून लघवी उतरली नव्हती. तरी ते पुटपुटत होते, "स्लाइड घ्या. स्लाइड घ्या कोनी माही." मॅडमनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. मला हाक मारून म्हणाल्या, "बोरकर सर, तुम्ही रोज सोबत असता. यांना लघवीचा त्रास कधीपासून आहे?"

हमीदभाऊ डोळे उघडून माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "कल्पना नाही, मॅडम."

मॅडमनी सलाइन लावली आणि लगेच चंद्रपूरला हलवायचं ठरवलं. तिथं तिसऱ्या दिवशी ते गेले. दुसऱ्या दिवशी मी जाऊन आलो, पण ते शुद्धीवर नव्हते, त्याला मी भेट म्हणत नाही. तिथल्या डॉक्टरांनी व्हरांड्यात मला समजावून सांगितलं, मीही कधीकाळी शिकलेलोच होतो. पुरुषांना मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या मार्गाभोवती एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिला सूज आली होती. बहुतेकदा लघवीतलेच जंतू तिथं शिरतात. लघवी दाबून ठेवायची सवय, पाणी कमी, त्यात साखर असली तर त्यांना फावतं. साखर होतीच, तीही तिथंच निघाली, गावभराची साखर तपासणाऱ्या माणसाची. मग जळजळ होते, घडीघडी लागते, धार बारीक होते, थेंब गळतात, कंबर दुखते, बैठकीच्या जागी इतकं दुखतं की बसवत नाही. आणि जंतू रक्तात उतरले की हुडहुडी भरते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही. नीट औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. घेतलं की बहुतेक माणसं बरी होतात. यांच्या ग्रंथीत पू झाला होता आणि विष अंगभर गेलं होतं.

मी विचारलं, "हा बाहेर फिरण्याचा आजार आहे का, डॉक्टर?"

ते म्हणाले, "क्वचित तसल्या संसर्गातून होतो. पण बहुतेकांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. का हो?"

"काही नाही," म्हणालो.

आता खिडकीत कोणी माणूस "एका पेशंटसाठी" म्हणून गोळी मागायला आला, की मी उठून बाहेर येतो. त्याला बाजूच्या खोलीत नेतो आणि दार लावून विचारतो. काही जण चिडतात. चिडू देत. मात्र मी चांगला माणूस झालो असं कोणी समजू नये. मी फक्त दार लावतो.

मला शेवटचे हमीदभाऊ दिसतात ते ॲम्ब्युलन्समध्ये. पाठीवर झोपवत नव्हतं म्हणून कुशीवर वळलेले, गुडघे पोटाशी घेतलेले. शमीमभाभी पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला गेली होती. मी सलाइनची बाटली अडकवत होतो. त्यांनी जांभळ्या बोटांनी माझी बाही धरली. ताप इतका की शर्टातून चटका लागत होता.

"बोरकरभाऊ. तो पेशंट मीच होतो."

मी म्हणालो, "मले माहीत होतं."

ते माझ्याकडेच पाहत होते, एक डोळा किंचित मिटून, भिंगातून पाहायचे तसं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग एक डाव विचाराचं नाई का, भाऊ?"

बाही सोडली त्यांनी. मी खाली उतरलो आणि ड्रायव्हरनं दार लावलं.